झीज

कारवीची काठी कोयत्यानं तोडली की तिचं टोक तिरकं निघतं, बोरूसारखं. गुरानं मोडली तर ती पिंजते, धागे लोंबत राहतात. वाऱ्यानं पडली तर मुळाशी उकरल्यासारखी माती दिसते. सह्याद्रीच्या माथ्यावरून एकटा चालताना मी दिवसभर हेच बघत असतो, की समोरची काठी कुणी मोडली. कंबरेच्या उंचीवर तिरकं टोक दिसलं की जीव भांड्यात पडतो. इथून माणूस गेलाय, त्याच्या हातात कोयता होता, आणि त्याला कुठंतरी पोचायचं होतं.

मी राजगुरुनगरात राहतो. आमच्याकडे अजून सगळे खेडच म्हणतात. चाकणच्या एमआयडीसीत एका प्रेस शॉपच्या टूलरूममध्ये मी चोवीस वर्षं काम करतोय. पत्र्याचे भाग ज्या डायमधून निघतात, त्या डायची आणि पंचाची झीज तपासायची, हे माझं काम. पंचाची धार गेली की पत्र्याच्या कडेला बर, म्हणजे टोचरा कंगोरा, येतो. डोळ्याला दिसायच्या आधी तो बोटाला लागतो. झीज वेळेत ओळखली नाही तर हजारो भाग भंगारात जातात, म्हणून तिथं झीज म्हणजे शत्रू. डोंगरात नेमकं उलटं आहे. तिथं झीज सापडली नाही तर मी हरवतो. वाट म्हणजे दुसरं काय? पायांनी केलेली जमिनीची झीज.

यंदा २६ जानेवारीला जोडून रजा टाकली आणि लोणावळ्याहून घरी चालत आलो. एसटीनं तळेगाव-चाकण करत हेच अंतर दोन-अडीच तासांत कापून होतं. मी पाच दिवस घेतले. वळवंड, कुसूर, सावळे, वांद्रे असं घाटमाथ्याच्या कडेकडेनं भीमाशंकरला जायचं, आणि तिथून भीमेच्या सोबतीनं भोरगिरी, वाडा, चास करत खेडला उतरायचं. शंभरावर किलोमीटर होतात. पाठीवर नऊ किलोंची सॅक, तीन लिटर पाणी, दोन दिवसांच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, पुढच्या दिवसांना तांदूळ आणि मेतकूट. हातात वेळूची काठी. सामानाबद्दल लोक फार विचारतात, पण त्यात सांगण्यासारखं एवढंच.

सांगण्यासारखं आहे ते ढोरवाटेबद्दल. नवखा माणूस डोंगरात चुकतो तो वाट नसते म्हणून नाही, वाटा फार असतात म्हणून. गुरं रोज चरायला जातात आणि त्यांच्या खुरांनी रुंद, मऊ, ऐसपैस वाटा पडतात. माणसाची वाट त्यांच्यापुढं किरकोळ वाटते. पण ढोरवाटेला पोचायचं नसतं, चरायचं असतं. ती उतारावर आडवी धरून चालते, थोड्या वेळानं तिच्या दोन होतात, मग चार, आणि शेवटी गवतात पंजा पसरल्यासारखी विरून जाते. झाडाखालून जाताना तिच्यावरच्या फांद्या गाईच्या शिंगांच्या बेतानं मोडलेल्या असतात, त्यामुळं आपलं कपाळ आपटायला लागलं की समजावं, ही वाट आपली नाही. माणूस डोक्यावर मोळी किंवा हिरड्याचं पोतं घेऊन जातो. त्याच्या वाटेवर डोक्याच्याही वर हातभर मोकळं असतं. माणसाची वाट मिळवलेली उंची उगाच सोडत नाही, खिंडीकडं तोंड करून असते, आणि जिथं पाऊल उंच टाकावं लागतं तिथं कुणीतरी एक धोंडा सरकवून पायरी केलेली असते. त्या धोंड्यावर हात फिरवून बघावा. शेजारचे दगड खरखरीत असतात, हा मधोमध गुळगुळीत लागतो.

एकटाच का जातोस, हे घरी विचारतात, कंपनीत विचारतात, आणि वाटेतल्या प्रत्येक वाडीत तर विचारतातच. खरं सांगायचं तर चार जण असले की वाट बघतो एक जण, बाकीचे त्याच्या टाचा बघत चालतात. मीही तसा पुष्कळ चाललोय. किती डोंगर पालथे घातले, पण वाट म्हणून त्यातलं काही आठवत नाही. एकटं असलं की चूक आपली, तिची किंमतही आपलीच, मग नजर आपोआप खाली जमिनीला लागते. शिवाय एकट्या माणसाशी लोक वेगळं बोलतात. दहा जणांचं टोळकं दिसलं तर वाडीतली माणसं ओट्यावरूनच हात करतात, "जावा सरळ." एकटा दिसला की उठतात. कुसूरच्या पुढं एक आजी नाचणी पाखडत होत्या. "येकलाच हायेस? आन् वाट ठावं हाय का?" म्हणाल्या, सूप खाली ठेवलं आणि गुडघ्यावर हात टेकत मला गावाबाहेरच्या बांधापर्यंत सोडायला आल्या. बांधावरून बोट दाखवून म्हणाल्या, "त्या सोंडंला डावी सोडू नको."

हे बोट दाखवणं मोलाचं असतं. घाटमाथ्यावर सोंड, दांड, धार, पदर, नाळ, खिंड हे शब्द म्हणजे नुसतं वर्णन नव्हे, त्यात सूचना असते. नाळ म्हटली की उतरता येतं पण घसारा असणार. पदर म्हटला की कड्याच्या मध्यावर सपाटी आहे, तिथं झाडी असणार. ज्यानं हे शब्द केले तो या डोंगरातून ओझं घेऊन चाललेला होता. कोकणातलं मीठ वर यायचं, देशावरचं धान्य खाली जायचं, ते सगळं पाठीवर, डोक्यावर आणि बैलांवर. पलीकडं जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांनी दोन हजार वर्षांपूर्वी लेणं खोदून लेख कोरला. तिथल्या फरसबंदीवर पाऊल टाकलं की दगडाची झीज चपलेतूनही कळते.

दुसऱ्या दिवशी माझी चूक झाली. सावळ्याच्या पुढं एका वाडीत पाणी भरून घेतलं आणि वांद्र्याकडं जाणारी माथ्यावरची जुनी वाट विचारली. मी ती सोळा वर्षांपूर्वी चाललो होतो. एका मामांनी मान हलवली. "व्हती वाट. आता मोडली. जीपगाडी सुरू झाल्यापास्नं कोन जातंय पायी?" मोडली हा शब्द मी ऐकला, पण मनावर घेतला नाही. आठवणीवर भरवसा ठेवून निघालो.

पहिला अर्धा तास वाट मळलेली होती. पुढं कारवीचं रान लागलं. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते आणि फुलून गेली की वाळते. उभ्या काठ्या मग एकमेकींच्या अंगावर कलंडतात आणि खालची वाट झाकून टाकतात. पूर्वी वाडीतली माणसं कुडाच्या भिंतींसाठी याच काठ्या तोडून न्यायची, त्यामुळं वाट आपसूक मोकळी राहायची. आता घरं विटांची झाली. ती व्हावीतच, कुडाच्या घरातला पावसाळा ज्यानं काढलाय त्याला विचारा. जीप आली तीही चांगलीच, बाळंतिणीला झोळीत घालून उतरवण्यापेक्षा केव्हाही बरी. पण त्या दुपारी मी तिरकं टोक शोधत होतो आणि सापडत होत्या त्या नुसत्या पिंजलेल्या काठ्या. तेवढ्यात डाव्या अंगाला एक छान रुंद वाट दिसली. शेण होतं, खुरांचे ठसे होते. मला सगळं दिसत होतं आणि तरी मी तिच्यावरून चालत गेलो, कारण चालायला सोपी होती. पाऊण तासानं ती एका आटलेल्या पाणवठ्यावर येऊन संपली. चिखल वाळून त्याला भेगा पडल्या होत्या.

साडेचार वाजले होते. अशा वेळी पुढंच कुठंतरी वाट लागेल असं वाटतं, आणि त्या वाटण्यानंच माणसं कड्यावर जाऊन अडकतात. माझा नियम आहे, शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत मागं फिरायचं, कितीही जिवावर आलं तरी. म्हणून प्रत्येक फाट्यावर मी पुढं जाऊन एकदा वळून बघतो, कारण परतीच्या तोंडानं तीच जागा ओळखू येत नाही. माझी खात्रीची जागा म्हणजे एक अंजनीचं झाड आणि त्याच्याशेजारी खांद्याच्या उंचीचा दगड, डोक्यावरचं ओझं न वाकता टेकवून दम खाता यावा असा. तिथं पोचेस्तोवर सहा वाजले. रात्र तिथंच काढायची ठरवली.

विस्तव पेटवला नाही. जानेवारीत गवत वाळलेलं असतं, एक ठिणगी म्हणजे अख्ख्या डोंगराला वणवा. दशमी आणि गूळ खाल्ला, पाणी मोजून प्यायलो. पश्चिमेला कड्याखाली कर्जतकडचे दिवे दिसत होते. पूर्वेला आभाळाच्या कडेला तांबूस उजेड होता, तो आमच्या चाकणचा. तिथं त्या वेळी सेकंड शिफ्ट चालू असणार. रात्री भेकर दोनदा भुंकलं आणि मी उठून बसलो. बिबट्याची भीती मात्र मला डोंगरात वाटत नाही, घराजवळच्या उसात वाटते. आमच्या भागात तो आता रानापेक्षा उसातच जास्त असतो. थंडी चांगलीच होती. घरी निरोप देता आला नाही याची रुखरुख झोपू देत नव्हती.

टूलरूममध्ये नव्या पोरांना मी एक गोष्ट आधी शिकवतो. पंचावर टॉर्च समोरून मारली तर पृष्ठभाग लख्ख दिसतो आणि झीज लपते. टॉर्च आडवी धर, जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून. मग केसाएवढा खळगाही सावली टाकतो. सकाळी सात-सव्वासातला सूर्य वर आला तेव्हा त्याचं पहिलं ऊन गवताच्या उतारावर असंच आडवं पडलं. मी सॅक आवरत होतो. सहज मान वर केली, तर समोरच्या पिवळ्या उतारावर एक सावली तिरकी चढत गेलेली. दोन हात रुंद आणि वीतभरही खोल नसेल, पण सलग. वर खिंडीकडं तोंड केलेली. वरून गवत वाढलं होतं, पण पिढ्यान् पिढ्या पायांनी दाबलेली जमीन खाली तशीच होती. काल दुपारी मी याच उतारावरून गेलो होतो आणि तेव्हा ऊन डोक्यावर होतं. मी तिच्याकडं बघतच राहिलो. पंधरा-वीस मिनिटांत ऊन चढलं आणि सावली पुसली गेली, पण तोवर मी तिच्यावर पाय ठेवला होता. त्या गवतात मऊ माती संपून घट्ट जमीन लागली की बुटातून कळत होतं. डोळ्यांपेक्षा तळव्यांवर विसंबून खिंडीपर्यंत गेलो.

खिंडीत एक गुराखी भेटला, माझ्याच वयाचा. कुठून आलास विचारलं आणि सांगितल्यावर थोडा वेळ गप्पच राहिला. मग म्हणाला, "माझ्या बापाची बाजारची वाट ती."

पुढं माथ्यावर पवनचक्क्या लागतात. त्यांच्यासाठी केलेले रुंद रस्ते जुन्या वाटांना मधेच कापून जातात. पश्चिम घाटाविषयीच्या माधव गाडगीळांच्या समितीनं २०११ च्या अहवालात या पवनचक्क्यांची आणि त्यांच्या रस्त्यांची दखल घेतली होती. वीज मलाही हवी, माझा प्रेस तिच्यावरच चालतो. पण डोंगर कापून केलेल्या त्या रस्त्यांच्या कडेला पावसानं वाहून गेलेली माती बघितली की पोटात तुटतं.

भीमाशंकरच्या अभयारण्यात शिरलं की पायाखालचा आवाज बदलतो, पाचोळा ओला आणि गप्प असतो. शेकरूची घरटी उंच फांद्यांवर दिसतात. एक शेकरू दिसलंही, क्षणभर, तांबडी शेपटी. देवळापाशी शनिमंदिरापुढं पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ साली वसई जिंकल्यावर आणलेल्या घंटांपैकी ती एक, तिच्यावर १७२९ साल आहे. लोक दर्शनाच्या घाईत असतात, मी मात्र दर वेळी तिच्यापाशी थांबतो. एवढं धूड कुठल्यातरी घाटवाटेनंच वर आलं असणार. किती खांदे, किती बैल आणि किती ठिकाणी दम खाल्ला असेल!

भीमाशंकर ते भोरगिरी ही उतरण माझ्या आवडीची. भाविकांची आणि गावकऱ्यांची ये-जा असल्यानं वाट अजून जिवंत आहे. भोरगिरीला कोटेश्वराच्या देवळापाशी भीमा एवढीशी असते, उडी मारून ओलांडावी अशी. हीच पुढं पंढरपूरला चंद्रभागा होते. तिथून खाली डांबरी. डांबरावर काही वाचता येत नाही, म्हणून त्या दीड दिवसाबद्दल सांगण्यासारखं कमी. चासकमान धरणाच्या पाण्याकडं बघत चाललो. नदीकाठची जुनी वाट त्या पाण्याखाली गेली. चास म्हणजे थोरल्या बाजीरावांच्या काशीबाईंचं माहेर. तिथं सोमेश्वराच्या देवळात टेकलो, बूट काढले आणि फोड आलेल्या टाचेला खोबरेल लावलं.

पाचव्या दिवशी उन्हं कलताना खेडात शिरलो. नदीकाठी हुतात्मा राजगुरूंचा वाडा आहे. १९०८ साली ते तिथं जन्मले. पोरवयात थोरल्या भावाशी खटका उडाला, घर सोडलं आणि पायी नाशिक गाठलं, तिथून काशी, अशी आठवण आमच्याकडे सांगतात. मी शाळेत असल्यापासून ती ऐकतोय आणि दर वेळी ऐकणाऱ्याचं लक्ष काशीकडं जातं. माझं आता त्या पायी नाशिककडं गेलं. खिशात चार पैसे घेऊन एकटा निघालेला पोरगा. आज त्या दिशेला हायवे आहे, कंटेनर धडधडत असतात. तो कुठल्या अंगानं गेला असेल, कुणाच्या ओट्यावर निजला असेल, कुणी बोट दाखवून दिलं असेल, हे शोधायला त्या जमिनीवर आता काही उरलेलं नाही.

खिंडीतल्या त्या गुराख्यानं निरोप घेताना माझ्या काठीनं जमिनीवर एक रेघ ओढली होती. म्हणाला, "आम्ही आता जात न्हाई. तुला यायचंच आसंल तर पावसाळा सरल्यावर ये, गवत उभं आसताना. चार-सहा जण घिऊन ये आन् दोनदा चालून जा. मंग गवत बसंल." सिद्धेश्वराच्या घाटावर भीमेत पाय सोडून बसलो होतो तेव्हा मी टूलरूममधल्या पोरांची नावं मनात मोजत होतो. दिवाळीनंतर कुणाकुणाला रजा मिळेल ते विचारायचंय.