घड्याळातले माणिक

तुमच्या कपाटात एखादं जुनं, बंद पडलेलं घड्याळ आहे का? बाहेर काढा आणि तबकडीवरची बारीक अक्षरं वाचा. चावीचं एचएमटी 'जनता' असेल, तर '१७ ज्वेल्स' असं लिहिलेलं दिसेल.

आमच्या बेंगळुरूला हे घड्याळ घरचंच. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीचा घड्याळांचा कारखाना इथे उभा राहिला. माझी आजी तर सगळ्यांना सांगायची, "आत सतरा रत्नं आहेत, जपून वापरा!"

रत्नं असतात हे खरं, पण ती खाणीतली नव्हेत. ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या पुडीत थोडं क्रोमियम घालून, ज्वाळेत वितळवून बनवलेले हे माणिक. सोनाराकडे त्यांना मोल नाही. घड्याळात मात्र आहे. चाकांच्या आसांची टोकं या कठीण, गुळगुळीत खड्यांत फिरतात, त्यामुळे घर्षण कमी होतं आणि झीज वाचते.

सेलच्या घड्याळात वेळ सांभाळतो तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा क्वार्ट्झचा स्फटिक. चाकांवर ताण कमी, म्हणून अनेकदा एखादाच ज्वेल असतो, कधी एकही नाही. पण त्यात स्टॉपवॉच आलं की काटे वाढतात, चाकं वाढतात. सेइकोच्या ऐंशीच्या दशकातल्या '७ए२८' या मशीनमध्ये तब्बल १५ ज्वेल्स आहेत आणि काट्यांसाठी वेगवेगळ्या मोटर.

माझ्या बाबांकडे तेच मशीन असलेलं घड्याळ होतं. ते शाळेत पी.टी. शिकवायचे, मुलांच्या शर्यतींची वेळ त्यावरच घ्यायचे. ते गेल्यावर काही महिन्यांनी घड्याळ थांबलं. नवा सेल घालूनही चालेना. दुकानदार म्हणाला, "आतलं मशीनच बदलून टाका, स्वस्तात होईल."

आई म्हणाली, "मग ह्यांचं काय उरलं त्यात?"

आम्ही ते दुसऱ्या, वयस्कर कारागिरांकडे नेलं. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "हे ज्वेल्सवालं मशीन आहे. पूर्ण उघडून साफ करता येईल. तेल सुकलंय. पण कॉइल जळली असेल, तर सुटा भाग मिळणार नाही." खर्च नव्या घड्याळाएवढा होता. आईने क्षणभरही विचार केला नाही.

घड्याळ चालू झालं. स्टॉपवॉचचा एक छोटा काटा मात्र हलत नाही. त्याच्या मोटरची कॉइल गेली आहे. बाकीचे काटे चालतात, आईला तेवढं पुरे आहे.

तुमच्याकडेही असं घड्याळ असेल, तर दोन गोष्टी करा. संपलेला सेल आत ठेवू नका. तो पाझरला की मशीन खराब होतं. आणि कुणी "मशीन बदला" म्हणालं, तर आधी मागचं झाकण उघडून ज्वेल्स किती आहेत ते बघायला सांगा. उघडून दुरुस्त करता यावीत अशीही यंत्रं एके काळी बनत होती.