बाबांचा फोन आणि आमची एक रात्र

सहा महिने झाले या गोष्टीला. घरात अजूनही तिचे नाव निघाले की बाबा मान खाली घालतात. पण परवा बाबाच म्हणाले, "लिहा. दुसऱ्या कोणाचे तरी पैसे वाचतील." म्हणून लिहायला बसलो आहोत.

बाबा वॉचमनची नोकरी करतात. रात्रपाळी असते. एका शनिवारी रात्री अकराच्या सुमारास पुतण्याच्या नंबरावरून त्यांना व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका आली. घरातलाच नंबर, लग्नसराईचे दिवस. बाबांनी पत्रिका उघडली. फोनने काहीतरी परवानगी विचारली, बाबांनी "होय" केले. पुन्हा विचारले, पुन्हा "होय". पत्रिका काही दिसली नाही. फोन जुना झाला असेल असे समजून बाबांनी तो खिशात ठेवला.

ती पत्रिका नव्हतीच. नावाच्या शेवटी 'एपीके' अशी तीन अक्षरे होती. असली फाइल म्हणजे कागद नव्हे, फोनमध्ये शिरणारे अॅप असते. त्याला मेसेज वाचायची परवानगी मिळाली की बँकेचा ओटीपी आपल्याआधी चोराला दिसतो. पुतण्यानेही ती पाठवली नव्हती. त्याचा फोन आदल्या दिवशीच चोरांच्या हाती गेला होता.

पहाटे खात्यातून बावीस हजार गेले. आमच्या मुलीच्या नर्सिंगच्या फीचे पैसे होते ते. आईने भिशी उचलून जमवलेले.

खरी चूक मात्र पुढे झाली. सकाळी बाबांना मेसेज दिसला. ते घरी आले, चहा घेतला, आणि काही बोलले नाहीत. अख्खा रविवार भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. अंग दुखते म्हणाले. आम्हीही विचारले नाही.

संध्याकाळी आत्याचा फोन आला. "दादा, एवढी अडचण होती तर आधी नाही का सांगायचं? दोन हजार पाठवलेत बघ." बाबांच्या नावाने सगळ्या नातेवाइकांना पैशाची मागणी गेली होती. तेव्हा बाबा रडले. चाळीस वर्षांत आम्ही त्यांना रडताना पाहिले नव्हते.

मग धावपळ सुरू झाली. आमच्या मजल्यावरचा एक मुलगा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. त्याने सांगितले तसे आम्ही करत गेलो. ते क्रमाने सांगतो, कारण अशा वेळी डोके चालत नाही.

आधी फोनचे नेट आणि वायफाय बंद केले आणि सिम काढून घेतले. चोराचा हात तिथेच तुटतो. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते, कार्ड आणि यूपीआय बंद करायला लावले. नंबर कार्डाच्या मागेच छापलेला असतो. लगेच 1930 या सरकारी नंबरावर तक्रार दिली. हा नंबर सायबर फसवणुकीसाठीच आहे. चोरलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळत असतो. तक्रार लवकर गेली तर वाटेतल्या बँकेत तो अडवता येतो. तक्रारीचा क्रमांक वहीत लिहून ठेवला.

नंतर पैसे कापल्याचे मेसेज आणि ती फाइल यांचे दुसऱ्या फोनने फोटो काढले. पुरावा राहिला पाहिजे. मग एकेका नातेवाइकाला फोन करून सांगितले, "पैसे पाठवू नका, पत्रिका उघडू नका." सिम दुसऱ्या चांगल्या फोनमध्ये घालून व्हॉट्सअॅप नव्याने सुरू केले. सहा आकडी कोड टाकताच चोर आपोआप बाहेर पडला. लगेच टू-स्टेप पिन लावला. आपले कॉल दुसरीकडे वळवले असतील तर ते बंद व्हावेत म्हणून ##002# डायल केले. गुगलचा आणि बँकेचा पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलला. शेवटी फोटो काढून घेऊन बाबांचा फोन पूर्ण रिसेट केला. नुसते अॅप काढून भागत नाही, कारण ते कधीकधी लपून बसते.

सोमवारी बँकेत लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. काउंटरवरचे साहेब म्हणाले, "तुम्हीच होय केलंत ना?" बाबा गप्प झाले. पण आम्ही वाचून गेलो होतो. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात म्हटले होते की ग्राहकाची चूक असली तरी बँकेला कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसायचे. म्हणजे कळवल्याची वेळ फार मोलाची. आमचे पैसे त्याआधीच गेले होते. तो हिशेब आमच्याच माथी आला.

अडीच महिन्यांनी नऊ हजार परत मिळाले. ते एका खात्यात अडकून पडले होते. बाकीचे गेले. आत्याचे दोन हजारही गेले. रविवारी पहाटेच तक्रार झाली असती तर आणखी वाचले असते का? कदाचित. हा विचार बाबांना सोडत नाही. फी आम्ही हप्त्याने भरली. मुलगी शिकते आहे.

वाचकहो, आमच्या घरी चोर एकदा आला, पण लाजेने आम्हाला दुसऱ्यांदा लुटले. अंगठ्याच्या जागी सही यायला आपल्या घरांना पिढ्या लागल्या. हा फोन तर काल-परवा हातात आला. त्यात फसणे हा गुन्हा नव्हे. पण फसल्यावर गप्प बसणे महागात पडते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच सांगून ठेवा, "काही झाले तर आधी आम्हाला हाक मारा, आम्ही रागावणार नाही." आणि खरोखरच रागावू नका.

आमच्या दारामागे आता एक पुठ्ठा टांगला आहे. त्यावर मोठ्या आकड्यांत 1930 लिहिले आहे. बाबांनीच लिहिले.