शिबिराची मागची फळी

तरुणांचं एखादं शिबिर रंगलं की श्रेय वक्त्याला दिलं जातं, नाहीतर जागेला. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत तसं होणं स्वाभाविकही आहे. आनंदवन, सोमनाथ, हेमलकसा, शोधग्राम, मेंढा (लेखा) ही नावं ऐकूनच राज्यभरातली मुलं इकडे येतात आणि इथल्या जंगलाने, माणसांनी भारावून जातात. पण या भागातल्या युवा शिबिरांच्या आयोजनात वावरताना माझं मत वेगळं होत गेलं. भारावणं चार दिवस टिकतं. मुलाच्या विचारात आणि वागण्यात त्यानंतर काही उरेल का, हे ज्यांची नावं निमंत्रणपत्रिकेवर नसतात असे कार्यकर्ते ठरवतात. आधी तयारी करणारे, दिवसभर मुलांकडे लक्ष ठेवणारे आणि रात्री दिवसाचा हिशेब मांडणारे हे लोक. असा गट आपोआप जमत नाही, तो घडवावा आणि सांभाळावा लागतो. आणि शिबिराच्या सगळ्या खर्चात, सगळ्या नियोजनात आपण सर्वांत कमी लक्ष देतो ते नेमकं याच कामाकडे.

राष्ट्रीय सेवा योजनेचं साधं गणित पाहावं. 1969 साली सुरू झालेली ही योजना आज महाविद्यालयीन तरुणांपर्यंत पोहोचणारी देशातली फार मोठी व्यवस्था आहे. 2011 मध्ये गोंडवाना विद्यापीठ झालं आणि दोन्ही जिल्ह्यांतली महाविद्यालयं त्याच्या छत्राखाली आली. योजनेच्या रचनेत साधारण शंभर स्वयंसेवकांमागे एक कार्यक्रम अधिकारी असतो, आणि तो वर्गावर शिकवणारा प्राध्यापकच असतो. दोन वर्षांत 240 तासांचं काम आणि दत्तक गावात सात दिवसांचं विशेष शिबिर. त्या शिबिरात पन्नासेक मुलं असतात. एका प्राध्यापकाने गावकऱ्यांशी बोलायचं, किराणा भरायचा, पाहुण्यांना आणायचं, बिलं सांभाळायची आणि पन्नास मुलांपैकी प्रत्येकाकडे लक्षही द्यायचं, हे होण्यासारखं नाही. म्हणून जिथे वरच्या वर्गातल्या मुलामुलींना, माजी स्वयंसेवकांना आणि गावातल्या दोघा-चौघांना सोबत घेऊन एक गट बांधला जातो, तिथे शिबिर उभं राहतं. जिथे तसं होत नाही, तिथे रस्ता झाडणं, प्रभातफेरी आणि समारोपाचं भाषण एवढ्यावर ते आटोपतं.

फरक नेमका कुठे पडतो, हे वनराई बंधाऱ्याच्या श्रमदानात स्पष्ट दिसतं. पावसाळा संपल्यावर नाल्याची धार बारीक होते. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून ती रचली की पाणी अडतं. काम सोपं वाटतं, पण चाळीस मुलं एकदम नाल्यात उतरली तर दहा जण राबतात आणि तीस जण फोटो काढतात. तयारीचा गट आदल्या दिवशी नाल्यावर जाऊन येतो. जागा गावाला विचारून ठरवतो. फावडी, घमेली, पोती मोजून घेतो, पोत्यांची तोंडं शिवायला दाभण आणि सुतळी आहे ना ते पाहतो. मग एक जण फावड्यावर, एक पोतं धरायला, एक शिवायला असे तिघातिघांचे गट पाडतो आणि उरलेल्यांची साखळी करतो. दर अर्ध्या तासाने जागा बदलतात, म्हणजे कुणी रिकामं राहत नाही आणि कुणाची कंबरही धरत नाही. काम संपल्यावर काठावर बसून तो चार प्रश्न विचारतो: पाणी मागे कुठवर चढेल, कुणाच्या विहिरीला फायदा होईल, ते कोणत्या महिन्यापर्यंत टिकेल, आणि पुढच्या वर्षी गावाने आपण होऊन बंधारा घातला नाही तर त्याचं कारण काय असेल? बंधारा दोन्ही प्रकारे होतो. शिक्षण मात्र दुसऱ्याच प्रकारात होतं.

या जिल्ह्यांत अशा गटाची गरज इतर ठिकाणांपेक्षा जास्त आहे. गडचिरोली शहरापासून भामरागड दीडशे किलोमीटरहून लांब आहे आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की त्याचा संपर्क तुटतो. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरीच्या पट्ट्यात वाघ गावाच्या शिवेपर्यंत येतो. पहाटे अंधारात कुणी एकट्याने बाहेर जायचं नाही, दुपारच्या उन्हात मैदानी खेळ नाहीत, सर्पदंश झाला तर सर्वांत जवळचा दवाखाना कोणता आणि गाडी कुणाची, हे सगळं स्थानिक कार्यकर्त्याला ठाऊक असतं. भाषेचंही तसंच. एटापल्ली-भामरागडकडून आलेल्या मुलामुलींची घरची भाषा माडिया असते. मराठीतल्या गटचर्चेत ती गप्प राहतात आणि शहरातली चुरचुरीत बोलणारी मुलं चर्चा घेऊन जातात. रात्रीच्या आढावा बैठकीत ‘आज कोण बोललं नाही?’ हा प्रश्न ठरवून विचारला जात असेल, तर दुसऱ्या दिवशी गट बदलता येतात, बोलण्याऐवजी चित्र काढायला किंवा जंगलातली झाडं ओळखायला सांगता येतं, आणि मग कालचं गप्प मूल इतरांना शिकवू लागतं. व्यासपीठावरून हे कुणाला दिसत नाही. त्यासाठी मुलांमध्ये बसलेला माणूस लागतो.

यावर पहिला आक्षेप असा येतो की मोठी कामं मोठ्या माणसांमुळेच होतात. बाबा आमट्यांशिवाय सोमनाथची श्रमसंस्कार छावणी सुरू झाली असती का? नसती झाली. पण छावणीची दुसरी बाजूही पाहायला हवी. साठच्या दशकाच्या अखेरीपासून तरुणांना मे महिन्याच्या ऐन उन्हात श्रमाला बोलावणारी ही परंपरा 9 फेब्रुवारी 2008 ला बाबा गेल्यानंतरही पुढे चालत राहिली. ती केवळ आठवणीवर चालू शकत नाही. पहाटेचं श्रमदान, दिवसाची व्याख्यानं आणि संध्याकाळचा कार्यक्रम ही घडी दर वर्षी नव्याने बसवणारे हात तिला लाभले म्हणून ती टिकली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 2006 मध्ये सुरू केलेल्या ‘निर्माण’कडेही मी तसंच पाहतो. तिथली शिबिरं एका भाषणात संपत नाहीत. मुलं पुन्हा येतात, मधल्या काळात काही करून पाहतात, आणि त्यांच्याशी संवाद ठेवणारं कुणीतरी असावं लागतं. प्रेरणा एका माणसाकडून मिळू शकते. पण पुढचा पाठपुरावा एकट्याच्या आवाक्यातला नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. हौशी कार्यकर्त्यांच्या हाती कोवळ्या वयाची मुलं का सोपवायची, पगारी प्रशिक्षित माणसं का नेमू नयेत, असं विचारलं जातं. काही विषयांपुरतं हे मला पूर्ण मान्य आहे. बंग दांपत्याच्याच ‘सर्च’ संस्थेच्या ‘तारुण्यभान’ उपक्रमात शरीर, लैंगिकता, नातेसंबंध यांवर तरुणांशी बोललं जातं. असे विषय वैद्यकीय ज्ञान आणि तयारी नसलेल्याने हाताळू नयेत. उत्साहाने ज्ञानाची जागा भरून निघत नाही. पण तज्ज्ञ दोन-तीन तास बोलून जातो. त्यानंतर एखादी मुलगी एकटी मागे राहून काही विचारू पाहते, तेव्हा तिच्याशी चार-दोन वर्षांनीच मोठी असलेली ताई तिथे असावी लागते. त्या ताईला उत्तर यायलाच हवं असं नाही. ऐकून घेणं, गुप्तता राखणं आणि योग्य व्यक्तीकडे नेणं तिला यायला हवं, आणि तेवढं शिकवता येतं. म्हणून कार्यकर्त्यांऐवजी तज्ज्ञ नेमणं हा त्यावरचा उपाय नव्हे. कार्यकर्त्यांना प्रशिक्षण द्यावं, कुठे थांबायचं ते सांगावं, आणि मुलांच्या सुरक्षिततेचे नियम सर्वांसाठी सारखे ठेवावेत.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. कार्यकर्ते टिकत नाहीत. कुणी पुण्या-नागपूरला शिकायला जातं, कुणाला नोकरी लागते, कुणाच्या घरी तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू होतो. हे खरं आहे आणि त्यात त्यांचा दोष नाही. पण माणसं बदलूनही काम टिकल्याची उदाहरणं इथेच आहेत. चंद्रपुरात ‘इको-प्रो’ संस्थेच्या तरुणांनी मार्च 2017 पासून गोंडकालीन किल्ल्याची सफाई सुरू केली. सुमारे अकरा किलोमीटरचा परकोट एका दिवसाच्या मोहिमेत साफ होणार नव्हता, म्हणून त्यांनी रोज सकाळचा नेम धरला. रोज तेच तरुण यायला हवेत अशी अट नव्हती, नेम चालू राहायला हवा होता. बुरूज मोकळे झाल्यावर लोकांना किल्ला दाखवणंही सुरू झालं. मेंढा (लेखा) इथल्या अभ्यासगटांची पद्धतही मला मोलाची वाटते. निर्णय ग्रामसभा सर्वसहमतीने घेते, पण त्याआधी विषय समजून घेण्याचं काम अभ्यासगट करतो. पोळं न जाळता, माश्या न मारता मध काढण्यासारखा विषयही त्यांनी अभ्यासाला घेतला. युवा संघटनांनी यातून एवढं घ्यावं: जे शिकलो ते एकाच्या डोक्यात ठेवायचं नाही. वहीत नोंद ठेवायची, प्रत्येक जुन्या कार्यकर्त्यासोबत एक नवा जोडायचा, आणि जाणाऱ्याने जाताना काम हातात देऊन जायचं.

नोंदी, आढावे, प्रशिक्षणं यांनी शिबिराचा मोकळेपणा जातो, असंही काही जण म्हणतात. अहवालासाठी कागद रंगवले तर तो जातोच. पण आढाव्याचे तीन प्रश्न पुरतात: आज मुलांना काय मिळालं, कोण मागे राहिलं, उद्या काय बदलायचं? उलट ज्या शिबिरात पाणी, जेवण, वेळ आणि जबाबदाऱ्या आधी ठरलेल्या असतात, तिथेच रात्री उशिरापर्यंत निवांत गप्पा होतात, कारण कार्यकर्त्यांची धावपळ उरलेली नसते. म्हणून माझी आयोजकांना आणि देणगीदारांना विनंती आहे की सात दिवसांच्या शिबिरासाठी आधीचे दोन दिवस कार्यकर्त्यांच्या तयारीला आणि नंतरचा एक दिवस आढाव्याला द्या, आणि त्याचा प्रवासखर्च व जेवण अंदाजपत्रकात उघडपणे मांडा. किती मुलं आली हा आकडा छापाच, पण त्याच्याशेजारी आणखी एक आकडा ठेवा: मागच्या वर्षीच्या शिबिरार्थींपैकी किती जण या वर्षी कार्यकर्ते होऊन परतले. शिबिराचा दर्जा मोजायला याहून खरं माप मला अजून सापडलेलं नाही.