बसलेला गडी

शाळेतला खेळाचा तास म्हणजे मोकळा तास, अशी समजूत आपल्याकडे घरोघर आहे. गणिताचे गुरुजी रजेवर असले की मुलांना मैदानावर सोडतात आणि परीक्षा जवळ आली की तोच तास गणिताला देतात. बी.ए. झाल्यावर बी.पी.एड. करण्याचा विचार मी घरी बोलून दाखवला तेव्हा आमचे अण्णा म्हणाले, “पोरं आपसूक खेळत्यात की! त्यास्नी खेळ शिकवायचा म्हणून तू आनि दोन वर्सं शिकनार?” आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मीच पहिली. तेव्हा अण्णांच्या प्रश्नात टोमणा नव्हता, त्यांना खरोखरच कळून घ्यायचे होते. या प्रश्नाचे उत्तर मला यंदा मैदानावर मिळाले.

राष्ट्रीय सेवा योजनेचे आमचे सात दिवसांचे शिबिर संपल्यावर त्याच गावच्या शाळेत मी दर शनिवारी खो-खो शिकवायला जाऊ लागले. शाळा आठवीपर्यंतची. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तर शारीरिक शिक्षणाला अंशकालीन निदेशक द्यावा लागतो. इथला पट ६१! म्हणजे गाव लहान म्हणून मुलांच्या वाट्याला खेळाचा शिक्षक नाही.

पहिल्या शनिवारी फक्कीने मैदान आखले. मुलगे धावत आले. आठवीच्या सात मुली मात्र लिंबाखाली बसून राहिल्या. एकीच्या मांडीवर धाकटा भाऊ होता, दोघींच्या चपलांचे अंगठे तुटलेले, आणि बाकीच्यांना आपण लवकर बाद झालो तर मुलगे हसतील ही धास्ती. “ताई, आम्ही बसतो, आमाला बसायलाच आवडतं,” त्या म्हणाल्या.

मी म्हटले, “बसायचंच आहे ना? मग पाटीवर येऊन बसा.”

खो-खोची गंमत अशी की पाठलाग करणाऱ्या नऊ जणांपैकी आठ बसलेले असतात. शेजारच्यांची तोंडे उलटसुलट दिशांना. उभा असतो एकटाच. त्याला मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा धरलेली दिशा खांबाला वळसा घातल्याशिवाय बदलता येत नाही. बसलेल्याच्या पाठीमागून ‘खो’ मिळाला तरच खेळ पलीकडे जातो. पाहणाऱ्यांचे डोळे धावणाऱ्यावर असतात. पण डाव जिंकून देतो तो टाच उचलून, कान टवकारून बसलेला गडी.

चपला सगळ्यांनीच काढून ठेवल्या, त्यामुळे कोणाची तुटकी हे दिसायचे कारण उरले नाही. धाकट्या भावाला खांबापाशी बसवून बाद गडी मोजायचे काम दिले. तो पाचापर्यंतच मोजी आणि पुन्हा एकपासून सुरू करी, पण आवाज खणखणीत! चौथ्या शनिवारी त्याची बहीण ‘खो’ कानी पडताच अशी उठली की समोरचा मुलगा वळायच्या आत बाद झाला. त्या दिवशी कोणीच हसले नाही.

जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला. पुरुष व महिला दोन्ही गटांत भारत जिंकला. महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे आपल्या महाराष्ट्राची. हे मी मुलींना सांगितले तेव्हा हीच मुलगी म्हणाली, “ताई, ती बी पाटीवर बसत असंल का?” मी म्हटले, “बसावंच लागतं. त्याशिवाय खो कसा मिळणार?”

या मुलीचे पुढे काय, हा प्रश्न मात्र शिट्टी वाजवून सुटणारा नाही. नववीची शाळा चार किलोमीटरवर आहे आणि तिला पुढे पाठवायचे की नाही, हे घरात अजून ठरलेले नाही. एका शनिवारी तिची आई खुरपे हातात घेऊन मैदानाच्या कडेला बराच वेळ उभी होती. जाताना तिने विचारले, “त्या साळंत बी ह्यो खेळ हाय का?” मी चौकशी केली. आहे, मुलींचा संघही आहे. तसे तिच्या घरी जाऊन सांगितले. जूनमध्ये काय होईल ते कळेल.

वर्षाच्या सुरुवातीला माझ्याजवळ खेळाडूची नजर होती. चपळ कोण, दम कोणाचा मोठा, हे मला चटकन दिसे. आता मैदानावर पाय ठेवला की आधी कडेला कोण बसले आहे ते दिसते. मुले आपसूक खेळतात हे अण्णांचे म्हणणे खरे आहे, पण ते धावणाऱ्या मुलांपुरते. जी बसून राहतात त्यांच्या पाठीमागे जाऊन कोणीतरी ‘खो’ म्हणावे लागते. तो कधी, कसा आणि किती मोठ्याने द्यायचा, हे शिकायला दोन वर्षे लागली तर ती जास्त नाहीत, असे मी अण्णांना सांगितले आहे. ते अजून ‘हो’ म्हणालेले नाहीत. पण परवा त्यांनी विचारले, “फारम कवा भरायचा असतोय?”