निमगोरी

न्यू जर्सीला लेकीकडे गेलो की माझे दोनच उद्योग : खिडकीतून बर्फ पाहणे आणि नातवाच्या टीव्हीसमोर डुलक्या घेणे. गेल्या खेपेस दुसऱ्यात व्यत्यय आला. पडद्यावर चित्रातला एक जाडा, काळाकुट्ट म्हातारा आपल्याच भाऊबंदांना शिव्या मोजत होता.

"हा काय प्रकार?" मी खडबडून विचारले.

"'द बूनडॉक्स', आजोबा. आणि हा अंकल रकस."

आरन मॅक्ग्रूडर या कृष्णवर्णीय तरुणाने आधी वर्तमानपत्रात ही चित्रमाला काढली. २००५ ते २०१४ या काळात ती टीव्हीवर गाजली. फ्रीमन आजोबा दोन नातवांना घेऊन शिकागोहून गोऱ्यांच्या वस्तीत राहायला येतात. दहा वर्षांचा ह्यूई सदा कपाळाला आठ्या घालून क्रांतीच्या गोष्टी करतो. एका भागात तर मार्टिन ल्यूथर किंग १९६८ साली मेलेलेच नसतात. अनेक वर्षांनी शुद्धीवर येऊन ते आपल्याच लोकांची खरडपट्टी काढतात. त्या भागाला पीबडी पारितोषिक मिळाले. (भाषा मात्र सत्यनारायणाच्या दिवशी ऐकण्याजोगी नाही!)

पण खरा गडी रकस. म्हणे, मी जन्माने गोराच, उलट्या कोडाने काळा पडलो! शेवटी त्याच्या जनुकांची तपासणी होते आणि निकाल येतो : १०२ टक्के आफ्रिकन. दोन टक्के चूकभूल द्यावीघ्यावी!

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आले. मग शंका आली. "काय रे, शाळेत तुला 'अपू' म्हणून चिडवीत, तेव्हा तू रडत घरी यायचास. मग हे कसे चालते?"

"'सिम्प्सन्स'मधल्या त्या अपूचा आवाज २०२० पर्यंत एक गोरा नट काढायचा, आजोबा. इथं लिहिणारा घरचाच माणूस आहे. आणि रकस काळा आहे म्हणून कोण हसतंय? त्याला त्याची लाज वाटते, त्याचं हसू येतं."

मी मान डोलावली. मागे कपड्यांच्या घड्या घालीत असलेल्या लेकीने विचारले, "बाबा, १९९४ साली माझ्या लग्नाच्या जाहिरातीत रंग कोणता लिहिला होतात?"

मला लख्ख आठवत होते. पोरगी माझ्यावर गेलेली. सावळीसुद्धा म्हणवत नव्हते. जाहिरातीला शब्दागणिक पैसे पडत, तरी 'निमगोरी' हा शब्द मी पदरमोड करून घातला होता. पहिले स्थळ तिला पाहून चहा न घेताच उठले. त्या रात्री मी जाहिरातीला दोष दिला नाही. तिने नेसलेल्या साडीला दिला.

"चूकभूल द्यावीघ्यावी," मी म्हटले.

नातू हसला. लेक हसली नाही. घड्यांची चळत उचलून ती आत गेली. नातवाने पुढचा भाग लावला. मी त्याला आवाज कमी करायला सांगितले.