आमच्या घरांतील दोन वीणा

गेल्या आषाढांत आमच्या घरीं एका गिटारीवरून महाभारत झालें. आमच्या नातवानें आपल्या दोन गिटारींपैकीं जुन्या गिटारीच्या दांडीवर करवतीनें नवे काप पाडले आणि त्यांत धातूचे जादा पडदे बसविले. चांगलें वाद्य नासलें म्हणून चिरंजीव संतापले, सूनबाईंनीं अबोला धरला, आणि प्रकरण निवाड्यासाठीं आमच्यापुढें आलें. शब्दरूपें घोकून घेण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्याच्याकडे रॉक संगीताचा खटला यावा ह्याचें वाचकांस हसूं येईल. आम्हांसही आलें.

आरोपीनें साक्षीस आणिलें तें ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न येथें २०१० सालीं निघालेलें वादकांचें एक मंडळ. नांव 'किंग गिझार्ड अँड द लिझार्ड विझार्ड'. ह्या प्रकारास 'सायकेडेलिक रॉक' म्हणतात. शब्द ग्रीक धातूंचा, 'मन उघड करून दाखविणारें' असा त्याचा अर्थ. १९६० नंतरच्या दशकांत ह्या संगीताचा मादक द्रव्यांशीं संबंध जडला हें खरें, आणि सूनबाईंना तीच धास्ती होती. नातवाच्या बोटांवर आम्हांस मात्र कानशीचे ओरखडेच दिसले.

ह्या मंडळानें २०१७ च्या एकाच वर्षांत पांच संग्रह काढले. त्यांपैकीं 'पॉलिगोंडवानालँड' हा तर कोणींही फुकट घ्यावा व वाटेल त्यानें त्याच्या तबकड्या काढाव्या, अशी मुभा देऊन सोडून दिला! (गोंडवन हें आमच्या चांद्याकडचें नांव भूशास्त्रानें पुरातन खंडास दिलें आणि तेथून तें ह्या मुलांपर्यंत पोंचलें.) परंतु खटल्याचें मूळ त्यांच्या त्या वर्षीच्या पहिल्या संग्रहांत आहे: 'फ्लाईंग मायक्रोटोनल बनाना', म्हणजे उडतें सूक्ष्मस्वरी केळें. हें नांव त्यांच्या एका पिवळ्या गिटारीचें. मंडळाचे प्रमुख स्टू मॅकेंझी ह्यांस तुर्कस्तानच्या बाग्लामा नामक तंतुवाद्याचा नाद लागला. त्याचे पडदे सतारीप्रमाणें दांडीस बांधलेले, सरकवितां येणारे. गिटारीचे ठोकलेले, सप्तकाचे समान १२ भाग, अधलेमधले सूर नाहींत. तेव्हां ह्यांनीं मध्यें नवे पडदे घालून २४ भाग केले.

'रॅटलस्नेक' हें त्यांतलें पहिलें गाणें सुमारें आठ मिनिटें एकाच ठेक्यावर चालतें. पहिल्यानें आमचें डोकें उठलें. मग मध्येंच सनईच्या जातीचें झुर्ना हें वाद्य वाजलें, आणि आम्ही उशीवरून उठून बसलों. "अरे, हें आमच्या भरतमुनींनीं केव्हांच सांगितलें आहे," असें म्हणून आम्हीं व्याख्यान आरंभिलें. षड्ज, मध्यम, पंचम ह्यांस प्रत्येकीं ४ श्रुति, ऋषभ-धैवतांस ३, गांधार-निषादांस २, एकूण २२. तीव्रा, कुमुद्वती, मंदा, छंदोवती...

"आजोबा, तुम्हांला त्या ऐकूं येतात का?"

मुलानें सहज विचारलें. आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

१९७८ सालीं आमच्या धाकट्या बंधूनें शिकवणीच्या पैशांतून जुनी पेटी विकत आणली होती. वडील वारल्यानें कारभार आमच्याकडे होता. परीक्षा तोंडावर होती, आणि खरें कारण तेवढेंच होतें. पण आम्हीं सांगितलें तें शास्त्र: ह्या वाद्यांत श्रुति नाहींत, आकाशवाणीनें १९४० सालीं ह्यास बंदी केली, ब्राह्मणाच्या घरांत बेसूर वाद्य नको. ती बंदी १९७१ पासून सैल होऊं लागली आहे हें आम्हांस ठाऊक होतें. तें आम्हीं सांगितलें नाहीं. त्यानें पेटी विकली, आणि पुढें आमच्या देखत तो कधीं गायला नाहीं. त्या वेळीं एकही श्रुति आमच्या कानांनीं ओळखली नव्हती. पुढेंही नाहीं.

"दोन्ही गिटारी घेऊन ये," आम्ही म्हणालों. भरतानें दोन वीणा सांगितल्या आहेत. दोन्ही सारख्या जुळवाव्या. एक तशीच ठेवावी, दुसरीचे सूर एकेका श्रुतीनें उतरवावे, म्हणजे अंतर कानांस कळतें. आम्हीं हें पाठ केलें होतें, करून पाहिलें नव्हतें. नातवानें साध्या गिटारीवर गांधार वाजविला, मग दुसरीवर त्याच्या अलीकडच्या नव्या पडद्यावरचा सूर. दोनदां कांहीं कळलें नाहीं. तिसऱ्यांदां कळलें. कोमलही नव्हे आणि शुद्धही नव्हे, असा तो सूर तेथें होता. हे २४ समान भाग म्हणजे भरताच्या २२ श्रुति नव्हेत, हें आम्हीं त्यास बजावलें. मास्तरकी कोठें जाणार! पण पुन्हां वाजव, असेंही म्हटलें.

निवाडा असा झाला कीं गिटार नासलेली नाहीं. चिरंजीवांनीं तो मुकाट्यानें मानला. सूनबाईंस दोन दिवस लागले.

रात्रीं बंधूस फोन करून पेटीची सर्व हकीकत सांगितली. पलीकडे बराच वेळ शांतता होती. "दादा, एवढ्यासाठीं फोन केलात?" तो म्हणाला, आणि दिवाळीस येतों म्हणून ठेवला.

नातू म्हणतो, काकाआजोबांना ह्या मंडळाचा २०२५ चा 'फँटम आयलंड' ऐकवूं. त्यांत मोठा वाद्यवृंद आहे. आम्हांस तो केळ्याइतका रुचला नाहीं. तें मागाहून बघतां येईल. तूर्त त्याला सांगितलें आहे कीं दिवाळीपूर्वीं बाजारांत जाऊन चांगली पेटी भाड्यानें मिळते का, तें पाहून ये.