खोटे गांडूळ

कारकुनाचा रविवार परमुलखात संपता संपत नाही. कुंभकोणमला येऊन आम्हांस तिसरे वर्ष लागले, तोवर महामहम तळ्याच्या पायऱ्या मोजून झाल्या होत्या आणि पितळी पेल्यातील डिग्री कॉफीही अंगवळणी पडली होती. वरच्या श्रेणीच्या आशेने आम्ही ही बदली पत्करली. चिरंजीव साताऱ्यास मराठी शाळेत, म्हणून मंडळीही तेथेच. मग रविवारी करावे काय? आम्ही गळ हाती धरला.

त्यास आधारही सापडला. हेन्री सलिव्हन टॉमस नावाच्या मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकाऱ्याने १८७३ साली 'द रॉड इन इंडिया' हा ग्रंथ लिहिला. म्हणजे सरकारी नोकराने परमुलखात गळ टाकीत बसावे, ही परंपरा चांगली दीडशे वर्षांची आहे!

गावाच्या उत्तरेस कावेरी, दक्षिणेस अरसलार. अरसलारच्या काठी एक म्हातारबुवा रोज बसत. बांबूची काठी, दोरा आणि करवंटीत ओल्या मातीत ठेवलेली गांडुळे, एवढाच त्यांचा संसार. आमच्याजवळ मात्र मिनेसोटाहून मावसभावाने धाडलेली मऊ प्लॅस्टिकची गांडुळे होती. तिकडे वॉलआय नावाचा मासा आहे. १९६५ पासून तो त्या राज्याचा मानाचा मासा. त्याच्या डोळ्यांत मागे चकाकणारा पडदा असतो, त्यामुळे अंधुक उजेडातही त्याला भक्ष्य दिसते. शिशाच्या डोक्याच्या गळाला हे गांडूळ ओवून तळालगत हळूहळू ओढीत आणले की तो ते गिळतो. निक क्रीम नावाच्या गृहस्थाने १९४९ साली ओहायोतील ॲक्रन येथे अशी गांडुळे ओतण्यास आरंभ केला, असे भावाने कळविले होते.

पहिले दोन महिने आमची फजितीच झाली. म्हातारबुवांच्या गळाला शिंगाळे लागत. आमच्याकडे कोणी फिरकेना. शेवटी बुवांनी आमचे गांडूळ नाकाशी धरले आणि हसले. शिंगाळा मिशांनी आणि वासाने अन्न शोधतो. प्लॅस्टिकला गांडुळाचा वास कोठला? "सार, याला मरळच फसेल," ते म्हणाले. मरळीला इकडे विराल म्हणतात. ती दबा धरून बसते आणि हालचाल दिसताच झडप घालते.

त्यांच्या सांगण्यावरून एका रविवारी आम्ही गावाबाहेरच्या कुट्ट्यावर, म्हणजे डबक्यावर, गेलो. पाणवेलींजवळ पाण्याच्या पृष्ठभागावर तांबूस पुंजका थरथरत होता. आम्ही गांडूळ त्यापलीकडे टाकले आणि ओढीत आणले. दोनदा काही झाले नाही. तिसऱ्यांदा पाणी फुटले, काठी वाकली आणि हातभर मरळ काठावर येऊन पडली. आमच्या आनंदास पारावार उरला नाही.

म्हातारबुवा मात्र हसले नाहीत. "सार, तिला भूक नव्हती," ते म्हणाले. "ती लाल पिले तिची. गांडूळ त्यांच्यात शिरले, म्हणून ती धावली."

आम्ही पुंजक्याकडे पाहिले. तो विस्कटला होता. मरळीची जोडी पिलांची राखण करते, हे आम्हांस तोवर ठाऊक नव्हते. पाण्याबाहेर ती काही वेळ जगते, हे नशीब. ओल्या हातांनी गळ काढून आम्ही तिला सोडले. ती पाणवेलींखाली शिरली. घटकाभराने पिले पुन्हा एकत्र झाली; पण त्यांच्याखाली ती होती की नाही, ते गढूळ पाण्यात आम्हांस दिसले नाही. म्हातारबुवा काठी आवरून केव्हाच उठले होते.

रात्री नेहमीप्रमाणे साताऱ्यास फोन केला. चिरंजीवांनी विचारले, "बाबा, मासा मिळाला का?"

"मिळाला होता. पण त्याची पिले वाट पाहत होती, म्हणून सोडून दिला."

पलीकडे क्षणभर शांतता. मग प्रश्न आला, "मग तुम्हांला कधी सोडणार?"

आम्ही काहीतरी उत्तर दिले. सोमवारी कचेरीत गेल्यावर मात्र प्रथम बदलीचा अर्ज लिहावयास घेतला. आमचा हा चौथा अर्ज. 'कारण' या रकान्यात मागील तीन वेळा 'कौटुंबिक अडचण' असे लिहिले होते. या वेळी त्या रकान्यापाशी लेखणी बराच वेळ थांबली; आणि शेवटी तेच दोन शब्द लिहिले.